गावानं उतरवलेली शाळा

आमच्या सकाळच्या चालण्याच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. गंगापूर रोडला फेऱ्या मारता मारता त्यांनी एकदा मला विचारलं, "मॅडम, राग मानू नका, पण सरकार एवढा पैसा ओततं, मग जिल्हा परिषदेच्या शाळा अशा का?"

"पैसा येतो हो," मी म्हटलं.

"मग जातो कुठे?"

त्यांना एकच उत्तर ऐकायचं होतं, कुणीतरी खातो. खाणारे मी पाहिलेच नाहीत असं नाही. पण त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते एका शाळेबद्दल, जिच्यात कुणीच काही खाल्लं नाही. प्रत्येकानं आपापलं काम नीट केलं. ही गोष्ट चालता चालता सांगून होणारी नव्हती, म्हणून त्या दिवशी मी विषय बदलला.

मी पेठ तालुक्यात केंद्रप्रमुख होते. बाहेरच्यांना हे पद कळत नाही. आसपासच्या दहा-बारा शाळांवर एक केंद्रप्रमुख असतो. तो साहेब नसतो आणि शिक्षकही उरलेला नसतो. वरचं खाली सांगायचं आणि खालचं वर, हे त्याचं काम. स्कूटर जाईल तिथपर्यंत मी स्कूटरवर जायचे, पुढे चालत. पावसाळ्यात बहुतेक चालतच.

शाळेचा पैसा हा पगारासारखा महिन्याच्या महिन्याला येत नाही. हिवाळ्यात शाळांकडून गरजा मागवतात. कुणाला खोली हवी, कुणाला संडास, कुणाला कुंपण. त्या सगळ्यांचा मिळून जिल्ह्याचा आराखडा होतो, तो मुंबईला जातो, तिथून दिल्लीला. कापला-छाटला जाऊन परत येईपर्यंत पावसाळा लागलेला असतो. प्रत्यक्ष पैसे हातात पडायला पुन्हा थंडी उजाडते, आणि खर्च मात्र मार्चअखेर झाला पाहिजे. नाही झाला तर पैसा परत. त्यामुळे मार्च महिन्यात आमच्या तालुक्यात रंगारी मिळत नसे. सगळ्या शाळा एकदमच रंगायला निघायच्या.

शिवाय प्रत्येक पैशाच्या कपाळावर त्याचं काम लिहिलेलं असतं. रंगाचा पैसा कौलाला चालत नाही आणि पुस्तकांचा फळ्याला चालत नाही. एका शाळेला हात धुण्यासाठी ओळीनं नळ बसवायचे पैसे आले. पाणी होतं खाली दरीतल्या विहिरीत. पण पैसा नळांचा होता, म्हणून नळ बसले. मी भेटीला गेले तेव्हा प्रत्येक नळाला एक दप्तर टांगलेलं. तिथले गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, सोय छान झाली. दप्तरं जमिनीवर ओली होत नाहीत." मी हसले होते. आमच्या नोकरीत हसण्याच्या जागा बहुतेक अशाच.

आता त्या शाळेबद्दल. पेठच्या पुढे गुजरातच्या हद्दीकडे डोंगर उतरत जातात, तिथला एक पाडा. नाव लिहीत नाही, तिथली माणसं जिवंत आहेत आणि मला ओळखतात. पहिली ते चौथी, एक कौलारू खोली, दोन शिक्षक. मोठे गुरुजी भोये, तिथल्याच बाजूचे, मुलांशी त्यांच्या बोलीत बोलणारे. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष देवकाबाई. ही समिती पालकांची असते. शाळेचा खर्च तिच्या मंजुरीशिवाय होत नाही. बऱ्याच गावांत अध्यक्ष फक्त सहीपुरता असतो. देवकाबाईंना सही येत नव्हती, अंगठा द्यायच्या. पण कशावर देतोय हे गुरुजींनी दोनदा समजावल्याशिवाय अंगठा शाईला लागत नसे.

एका जूनमध्ये शाखा अभियंता खोली बघायला आले. त्यांनी छत्री उलटी धरली आणि तिचं टोक आढ्याच्या लाकडात दाबलं. टोक सरळ आत गेलं. वाळवीनं आतून सगळं पोखरलं होतं.

"आजपासून आत पोरं बसवायची नाहीत," ते म्हणाले. "मी धोकादायक म्हणून लिहितोय."

"मग पाडून टाकू," भोये गुरुजी म्हणाले.

"पाडायची नाही. निर्लेखन व्हावं लागेल."

निर्लेखन म्हणजे सरकारी वस्तू सरकारी कागदावरून पुसणं. मोडकी झाली तरी ती सरकारची असते. वरून परवानगी येईपर्यंत त्या खोलीत बसायचं नाही, तिला पाडायचं नाही, आणि ती पडेपर्यंत तिच्या जागी नवी मागायची नाही. हा नियम वेडा नाही. तो नसता तर चांगल्या खोल्यांची सागवानी लाकडं कधीच विकली गेली असती. पण ज्या पाड्यावर पावसाळ्याचे चार महिने आभाळ डोक्यावर टेकलेलं असतं, तिथं नियमाखाली बसता येत नाही.

शाळा देवकाबाईंच्या पडवीत भरायला लागली. एका अंगाला शेळ्या, दुसऱ्या अंगाला चौथीचा वर्ग. पाढे म्हणताना एखादी शेळी मध्येच ओरडली की मुलं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. देवकाबाई चुलीजवळून ओरडायच्या, "सातापासून म्हणा रे, सातापासून! तिथवर झालं व्हतं." त्यांची बोली डांगी-कोकणी वळणाची. मला ती हुबेहूब लिहिता येत नाही, जमेल तशी लिहिते आहे.

दिवाळीनंतर भात-नागली घरात आली की या पाड्यावरची निम्मी घरं दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जातात. ती होळीला परततात. त्या वर्षी परतताना त्यांच्यासोबत एक पिकअप आली. बागायतदार आपली जुनी पॅकिंग शेड मोडत होता. देवकाबाईंच्या मुलानं, यशवंतनं, त्याच्याकडे पत्रे मागितले.

"कशाला रे? गोठ्याला?" त्यानं विचारलं.

"नाय अण्णा, शाळेला. पोरं आमच्या आईच्या पडवीत बसतात."

अण्णांनी पत्रेही दिले, लोखंडी अँगलही दिले आणि पोचवायला गाडीही दिली. मी या माणसाला कधी भेटले नाही, पण त्याची आठवण ठेवली आहे.

मग मी नोकरीतला सगळ्यात सुंदर महिना पाहिला. कुणी घरातले खांब आणले. कुणी कारवी तोडून भिंतींसाठी तिचे कूड विणले, बायकांनी ते शेणामातीनं लिंपले. भोये गुरुजींनी एका भिंतीला काळा रंग देऊन फळा केला. अभियंता साहेब सुट्टीच्या दिवशी स्वतःहून आले आणि अँगल कुठे रोवायचे ते सांगून गेले. जुनी खोली तशीच शेजारी उभी होती, कुलूप लावलेली. पाऊस लागायच्या आत शाळा तयार झाली. नारळ मी फोडला. देवकाबाई म्हणाल्या, "मॅडम, आता सरकारला सांगा, घाई नाय. सवडीनं येऊ दे त्याची खोली."

दरवर्षी प्रत्येक शाळेला आपली माहिती संगणकावर भरावी लागते. मुलं किती, शिक्षक किती, खोल्या किती, त्या कशा स्थितीत. पुढच्या वर्षीचा पैसा या माहितीच्या आधारानं ठरतो. भोये गुरुजी ती भरत होते तेव्हा मी शेजारी बसले होते आणि देवकाबाई दारात उभ्या होत्या.

"खोल्या एक," गुरुजी मोठ्यानं म्हणाले. "स्थिती... काय लिहू?"

"चांगली लिहा," देवकाबाई म्हणाल्या. "आमी बांधली हे. चांगलीच हे."

गुरुजींनी चांगली लिहिलं.

पुढच्या वर्षी नव्या खोल्यांची यादी आली. तोवर जुन्या खोलीचं निर्लेखनही मंजूर झालं होतं, ती पाडूनही झाली होती. पण यादीत आमच्या पाड्याचं नाव नव्हतं.

मी नाशिकला गेले. ज्या साहेबांकडे बांधकामाचा विषय होता ते कोपिष्ट वगैरे नव्हते. त्यांनी चहा मागवला, संगणकावर शाळा उघडली आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

"मॅडम, तुमच्या पटाला एक खोली लागते. एक खोली आहे. चांगल्या स्थितीत आहे. मी दुसरी कोणत्या आधारावर देऊ?"

"ती गावानं बांधलीय. पत्र्याची आहे, कुडाची आहे. सरकारचा एक खिळा नाही तिच्यात."

"मान्य. पण वर्ग भरतो ना तिथे?"

"भरतो."

"सुरगाण्यात माझ्या तीन शाळा झाडाखाली भरतात," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा. पैसा एका खोलीचा उरलाय. झाडाखालच्यांना देऊ की तुम्हाला?"

त्यांच्या जागी मी असते तरी झाडाखालच्यांनाच दिला असता. चहा संपवून मी उठले. त्या माणसाचा मला तेव्हाही राग आला नाही, आजही येत नाही. त्यामुळे माझी पंचाईतच होते. राग कुणावर काढायचा ते ठरत नाही.

पाड्यावर येऊन मी समितीला सगळं सांगितलं. यशवंत म्हणाला, "म्हंजे आमी काय केलं नसतं तर खोली आली असती?" मी होकाराची मान हलवली. देवकाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आपली हे ती काय वाईट हे?"

वाईट नव्हती. पण ती दरवर्षी नव्यानं लिंपावी लागे, आणि आमच्या डोंगरातला वारा पत्र्याला जुमानत नाही. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर काही दिवसांतच दुपारचं वादळ आलं. भोये गुरुजींनी मुलांना बाहेर काढायला सुरुवात केली तेवढ्यात वाऱ्यानं एक पत्रा उचकटला आणि तो आत आला. रंजना नावाची तिसरीतली मुलगी, यशवंतची लेक आणि देवकाबाईंची नात, दाराकडे धावत होती. पत्र्याची धार तिच्या खांद्यावर बसली. गुरुजी तिला पाठुंगळी घेऊन डोंगर उतरले. पेठच्या दवाखान्यात टाके घातले. हात वाचला. पण मी तिथे पोचले तेव्हा गुरुजींचा पांढरा सदरा पाहून मला वाटलं होतं की मूल गेलं.

त्या आठवड्यात समितीची बैठक झाली. देवकाबाई नेहमी उभ्यानं बोलायच्या, त्या दिवशी बसून बोलल्या.

"मॅडम, खोली नसली तर यादीत नाव येतं ना?"

मला त्यांचा रोख कळला. "देवकाबाई, तसं नका करू. मी पुन्हा लिहिते. अपघात झालाय, त्याचा विचार होईल. पत्रे घट्ट करू, तारांनी बांधू."

"तुमी लिहाल, ते वाचतील. पण त्या मशीनमदी काय दिसंल?"

भोये गुरुजी खाली बघत म्हणाले, "एक खोली. चांगली."

"आपण माहिती दुरुस्त करू," मी म्हटलं. "खोली धोकादायक आहे असं लिहू."

अभियंता साहेब आलेले होते. ते म्हणाले, "मॅडम, मी तसं लिहीन. पण ही सरकारी खोलीच नाही. हिचं निर्लेखन कोण करणार? हा कागद कुठल्या टेबलावर जाईल तेच मला माहीत नाही. आणि दुरुस्त केली की पुन्हा चांगली." शेडचे अँगल कुठे रोवायचे हे त्यांनीच सांगितलं होतं.

देवकाबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "बांधली कोणी? आपण. मंग उतरवायला कोणाला इचारायचं? पोरीचा हात गेला असता. पक्की खोली पायजे. उतरवू."

यशवंत चिडला. "आये, लोक हसतील. सरकारसाठी कोणी आपलं घर मोडतं का?"

"हसू दे," त्या म्हणाल्या.

पाऊस जरा उघडला त्या दिवशी त्यांनी शाळा उतरवली. मी तिथे होते. जायची गरज नव्हती, पण नारळ मी फोडला होता. पुरुष वर चढून नट सोडत होते, खाली उभे असलेले पत्रे झेलत होते. बांधताना जी गडबड, थट्टा, गाणी होती त्यातलं काही नव्हतं. बायकांनी कूड मोकळे केले, कारवी ज्याच्या त्याच्या घरी सरपणाला गेली. फळ्याची भिंत शेवटी राहिली. तिच्यावर आदल्या दिवशीचा सुविचार होता. भोये गुरुजींनी पुढे होऊन तो ओल्या फडक्यानं पुसला आणि मग म्हणाले, "हं, घ्या आता." रंजना खांद्याला पट्टी बांधून आजीच्या ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, "आज्ये, आमची शाळा कुठं नेतेत?"

अभियंत्यांनी पाहणी करून लिहिलं, वर्गखोली उपलब्ध नाही. ते खरंच होतं. पुढच्या आराखड्यात पाड्याचं नाव वरच्या ओळीत आलं. नाशिकच्या साहेबांनी मला स्वतः फोन केला, "मॅडम, अभिनंदन, झालं तुमचं काम." त्यांना खरंच आनंद झाला होता. मी आभार मानले.

पण नाव येणं आणि खोली येणं यांत दोन पावसाळे गेले. आधी पैसा उशिरा आला, मग डोंगरावर खडी-सिमेंट चढवायला ठेकेदार मिळेना, मग मिळालेला ठेकेदार पावसात थांबला. तोवर शाळा पुन्हा पडवीत, शेळ्यांच्या शेजारी. आणि आता पालकांचा जीव पहिल्यासारखा शाळेत उरला नव्हता. ज्यांनी हातानं शाळा बांधली आणि हातानंच उतरवली, त्यांना आणखी एकदा वाट बघायला सांगायचं तरी कसं? ज्यांना जमलं त्यांनी मुलं लांबच्या आश्रमशाळेत घातली, तिथं राहायची-जेवायची सोय असते. बाकीचे मुलांना घेऊन बागांत गेले. पूर्वी जाताना मुलं आजी-आजोबांकडे ठेवायचे. शाळा होती ना. आता म्हणायचे, पडवीत बसून ते शिकतंय काय.

रंजनालाही यशवंत घेऊन गेला. मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "मॅडम, खोली झाली का धाडतो परत." त्याच्या मनात ते होतंही. पण होळीला परतल्यावर रंजना महिनाभरच शाळेत आली. मागं पडली होती, लहान मुलांत बसायची लाज वाटायची. पुढच्या दिवाळीला ती पुन्हा बागेत गेली आणि मग आलीच नाही.

खोली झाली तेव्हा फार देखणी झाली. फरशी, खिडक्यांना जाळ्या, दारापुढे उतार, पंखा, हिरवा फळा. फीत कापायला पाहुणे आले. भाषणं झाली. समोर बसायला मुलं कमी पडत होती, म्हणून शेजारच्या पाड्याची शाळा तिच्या शिक्षकांसकट आणून बसवली. हे मी केलेलं नाही, पण मी ते होताना पाहिलं. देवकाबाई मागच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांना पुढे बोलावलं, हार घातला. त्या त्यांच्या पद्धतीनं भाषण करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसता नमस्कार केला.

शिक्षक किती द्यायचे हे मुलांच्या संख्येवर ठरतं. दोनांचा एकच शिक्षक राहिला. भोये गुरुजींची बदली झाली, ते गेल्यावर आणखी दोन घरांनी मुलं काढली. एकट्या शिक्षकानं ओढत नेलं. माझ्या निवृत्तीच्या सुमारास ती शाळा नदीपलीकडच्या मोठ्या शाळेला जोडली गेली, म्हणजे पाड्यावरची बंदच झाली. त्या कागदावर माझाही अभिप्राय मागवला होता. मी पानभर विरोध लिहिला. तो फायलीला लागला आणि शाळा जोडली गेली.

मी हिशेब मांडून पाहते तेव्हा कुठेच चूक सापडत नाही. अभियंत्यानं खरं लिहिलं, गुरुजींनी खरं लिहिलं, साहेबांनी गरजूंना आधी दिलं, ठेकेदारानं सिमेंट चोरलं नाही. पैसा पोचला. फक्त मुलं तोवर थांबली नाहीत. मूल एका वर्षी सात वर्षांचं असतं आणि पुढच्या वर्षी आठ वर्षांचं होतं, एवढी साधी गोष्ट आमच्या कुठल्याच तक्त्यात कुठे भरायची सोय नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात यशवंतच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. मला आवर्जून बोलावणं आलं. देवकाबाई आता वाकल्यात, पण आवाज तोच. उन्हातून आलेलं बघून त्यांनी मला मांडवात बसू दिलं नाही.

"शाळेत बसा, मॅडम. तिथं पंखा हे."

पाड्यावरची सगळ्यात चांगली खोली ती, म्हणून पाहुण्यांना तिथे उतरवलं होतं. फरशीवर गाद्या, खिडकीला नवरीकडच्यांच्या पिशव्या. फळा अजून हिरवागार होता, फारसा वापरलेलाच नाही. मी भिंतीला टेकून बसले. देवकाबाई शेजारी येऊन बसल्या आणि आपले पाय चेपत राहिल्या.

मी विचारलं, "देवकाबाई, ती उतरवली नसती तर?"

त्यांनी दुसरा पाय चेपायला घेतला. मग म्हणाल्या, "पत्रा आणखी कोणाला लागला असता."

"हो. लागला असता."

"नसता बी लागला," त्या म्हणाल्या, आणि वाढायला माणसं कमी पडताहेत का ते बघायला उठून गेल्या.

मांडवातून एक पाच-सहा वर्षांची मुलगी, डोळ्यांत काजळ, नवा फ्रॉक, दाराशी येऊन उभी राहिली. पंख्याकडे बघत होती. आत यायला मात्र बिचकत होती.

"ये ना," मी म्हटलं.

"ही कोणाची खोली हे?" तिनं विचारलं.

"तुझी," मी म्हटलं.

तिला ती थट्टा वाटली. खुदकन हसली आणि पंगतीकडे पळत गेली.